संग्रहालयातील वस्तूवर संशोधन: आधी नोंदवही, मग वस्तू

गोव्यात संग्रहालयातील वस्तूंवर जे प्रकल्प, प्रबंध आणि लेख लिहिले जातात, त्यांतील बहुतेकांची गफलत पहिल्याच दिवशी होते. अभ्यासक थेट काचेच्या कपाटासमोर जातो, भ्रमणध्वनीने छायाचित्र काढतो, शेजारच्या पाटीवरील दोन ओळी उतरवतो आणि निष्कर्षाला लागतो. पाटी प्रेक्षकांसाठी लिहिलेली असते. संशोधकाला लागणारा पुरावा नोंदवहीत, वस्तूला बांधलेल्या जुन्या चिठ्ठीत आणि देणगीच्या पत्रव्यवहारात असतो, आणि तो पाहण्याआधी वस्तूकडे पाहिले तर पाटी सुचवते तेच डोळ्यांना दिसते.

दुसरी चूक विषयांच्या भिंतींमुळे होते. घुमट, म्हणजे मातीच्या भांड्याच्या तोंडावर कातडे ताणून केलेले गोव्याचे तालवाद्य, घ्या. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते आरतीचे किंवा मांडो या कोकणी गीतप्रकाराचे वाद्य दिसते, प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यावरचे घोरपडीचे कातडे दिसते, आणि मातीचे भांडे घडवणारा कुंभार दोघांच्याही वहीत येत नाही. निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही बाजू एकाच वस्तूत असतील, तर दोन्हींच्या नोंदी पहिल्यापासून एकाच तक्त्यात ठेवाव्या लागतात. पुढील टप्पे त्याच हिशोबाने मांडले आहेत आणि त्यांचा क्रम बदलू नये.

टप्पा १: प्रश्न वस्तूच्या मापाचा करा

‘गोव्यातील पारंपरिक वाद्ये’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘या संग्रहातील घुमटांपैकी कोणत्या घुमटांना घोरपडीचे कातडे आहे, कोणत्यांना बकऱ्याचे, आणि ती संग्रहात कधी दाखल झाली’ हा प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर वस्तू आणि नोंदवही मिळून देऊ शकतात. प्रश्न लिहून झाल्यावर त्याखाली दोन स्तंभ आखावेत. पहिल्यात वस्तू कशाची आहे याचा पुरावा कुठून येणार ते लिहावे, आणि दुसऱ्यात ती कोणी, कुठे, कशासाठी केली आणि वापरली याचा पुरावा कुठून येणार ते लिहावे.

तपासा: दोनपैकी एक स्तंभ रिकामा राहत असेल तर त्या विषयाचा जाणकार आताच शोधावा. प्रबंध सादर करण्याच्या महिन्यात तो मिळत नाही.

टप्पा २: कोणता संग्रह कुठे आहे ते ठरवा

जुने गोवे येथील भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संग्रहालय १९६४ साली सुरू झाले. तेथे कदंबकालीन शिल्पे, वीरगळ, सतीशिळा आणि पोर्तुगीज गव्हर्नर व व्हाइसरॉय यांची व्यक्तिचित्रे आहेत. हस्तिदंत, लाकूड आणि चांदीच्या ख्रिस्ती धार्मिक वस्तूंसाठी सांता मोनिका मठातील ख्रिस्ती कला संग्रहालय पाहावे; ते १९९४ साली रायतूरच्या सेमिनरीत सुरू झाले आणि २००२ साली जुन्या गोव्यात आले. पणजीचे गोवा राज्य संग्रहालय शासनाच्या वस्तुसंग्रहालय संचालनालयाकडे आहे, तर शेतीची अवजारे आणि घरगुती वस्तूंसाठी बाणावलीचे गोवा चित्र हे खासगी संग्रहालय उपयोगी पडते.

निसर्गाच्या बाजूला एक अडचण आहे. गोव्यात गोळा झालेले बरेच नमुने गोव्यात नाहीत. वनस्पतींच्या वाळवलेल्या पत्रकांसाठी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या आणि प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुणे येथील पश्चिम विभागीय केंद्रांकडे चौकशी करावी लागते. पक्षी, सस्तन प्राणी आणि कीटकांसाठी मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. सागरी जीवांसाठी मात्र दोना पावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जवळच आहे, आणि जैवविविधता कायद्याखालील अधिकृत नमुना-भांडारांच्या यादीतही ती आहे.

पोर्तुगीज काळातील काही संग्रह लिस्बनला गेले. जुन्या लेखात ‘नमुना लिस्बनच्या बोकाज संग्रहालयात आहे’ असे वाचले की अनेकजण ते जसेच्या तसे उतरवतात. मार्च १९७८ च्या आगीत त्या संग्रहालयाचा प्राणिसंग्रह जळाला. जुन्या लेखातील ‘आहे’ आज खरे आहे का, हे संस्थेला पत्राने विचारल्याशिवाय लिहू नये.

टप्पा ३: परवानगी आणि कायदा

‘मला आपल्या संग्रहाचा अभ्यास करायचा आहे’ एवढ्याच मजकुराचे अर्ज टेबलावर पडून राहतात, आणि त्यात अभिरक्षकांचा, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्यांचा, दोष नसतो; काय काढून ठेवायचे तेच त्यांना कळत नाही. अर्जात संशोधनाचा प्रश्न, हव्या असलेल्या वस्तूंची नावे व ठाऊक असल्यास त्यांचे क्रमांक, प्रत्येक वस्तूवर लागणारा वेळ, वापरायची साधने, छायाचित्रांचा उपयोग आणि मार्गदर्शकाचे पत्र असावे. नोंदवही, चिठ्ठ्या आणि देणगीची फाइल पाहण्याची परवानगी त्याच अर्जात स्वतंत्र ओळीत मागावी. ही ओळ राहिली की वस्तू समोर येते आणि कागद येत नाहीत, मग सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो.

कायद्याच्या तीन बाबी गोव्यातील अभ्यासकाला हमखास आडव्या येतात.

पहिली बाब वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ची. घोरपड अनुसूची एकमध्ये आहे, त्यामुळे तिच्या कातड्याचे घुमट ही केवळ जुनी वस्तू राहत नाही. सार्वजनिक संग्रहालयाला जी सूट कायद्याने दिली आहे ती तुम्हाला नाही. अभ्यासासाठी म्हणून असे घुमट विकत घेणे, भेट म्हणून स्वीकारणे किंवा एखाद्या घरातून उचलून महाविद्यालयात नेणे, यांपैकी काहीही मुख्य वन्यजीव संरक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय करू नये. हस्तिदंताच्या घरगुती मूर्तींनाही हीच सावधगिरी लागू आहे.

दुसरी बाब पुरावशेष व कलाकृती अधिनियम, १९७२ ची. शंभर वर्षांहून जुन्या शिल्पासारख्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते त्याच्या कक्षेत येतात. शेतात सापडलेला वीरगळ ‘सुरक्षिततेसाठी’ घरी आणणे हा संशोधनाचा भाग नव्हे.

तिसरी बाब नमुने परदेशी पाठवण्याची. प्राणी किंवा वनस्पतीचा तुकडा परदेशी प्रयोगशाळेकडे किंवा परदेशी सहकाऱ्याकडे जाणार असेल, तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे आधी विचारणा करावी, आणि संरक्षित प्रजातीच्या बाबतीत निर्यातीचे नियम वेगळे पाहावेत.

टप्पा ४: कागद आधी वाचा

हा टप्पा सर्वांत कंटाळवाणा आहे आणि सर्वांत जास्त फळ देणारा आहे. वस्तू मागवण्यापूर्वी किमान एक पूर्ण बैठक नोंदवहीसाठी राखून ठेवावी.

आधी क्रमांक सोडवावेत. एकाच वस्तूवर तीन-चार क्रमांक असू शकतात: दाखल करतानाचा नोंदणी क्रमांक, नंतरच्या सूचीतील क्रमांक, एखाद्या प्रदर्शनाचा तात्पुरता क्रमांक आणि गोळा करणाऱ्याचा स्वतःचा क्षेत्र-क्रमांक. सगळे उतरवावेत, कोणता कोणाचा ते लिहावे, आणि संदर्भ देताना संस्था आज वापरते तोच क्रमांक मुख्य धरावा.

मग वस्तू कशी आली ते पाहावे. पोर्तुगीज नोंदीत ‘ओफेर्ता’ म्हणजे देणगी, ‘कोंप्रा’ म्हणजे खरेदी आणि ‘देपोझितु’ म्हणजे ठेव. ठेवीच्या वस्तूची मालकी संस्थेकडे गेलेली नसते, त्यामुळे प्रकाशनाची परवानगी दुसऱ्याच कोणाकडून घ्यावी लागू शकते. देणगीदाराचे गाव हे वस्तूचे गाव नसते, हेही येथेच लक्षात ठेवावे. मडगावच्या वकिलाने दिलेली मूर्ती मडगावात घडली असे त्यावरून ठरत नाही.

चिठ्ठी उतरवताना ती अक्षरशः उतरवावी. चुकीचे स्पेलिंग, खोडलेला शब्द, शाईचा रंग, ओळ कुठे तुटते, हे सगळे जसेच्या तसे घ्यावे आणि आपला अर्थ शेजारच्या स्वतंत्र रकान्यात लिहावा. नैसर्गिक नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर महिना बहुधा रोमन अंकांत असतो. मध्ये ‘अकरा’चा रोमन अंक असेल तर तो नोव्हेंबर. तिन्ही आकडे साधे असतील तर दिवस कोणता आणि महिना कोणता, हे त्याच संग्राहकाच्या इतर चिठ्ठ्यांवरून ठरवावे. चिठ्ठीची मागची बाजू पाहायला विसरू नये.

सावधान: चिठ्ठीवरील जुने शास्त्रीय नाव ‘दुरुस्त’ करून उतरवू नका. ऐनाचे झाड, म्हणजे गोव्यातील माट्टी, जुन्या पत्रकांवर टर्मिनालिया टोमेन्टोसा म्हणून आढळते आणि आता टर्मिनालिया एलिप्टिका म्हणून लिहिले जाते. तुमच्या तक्त्यात दोन्ही नावे हवीत, आपापल्या रकान्यात.

टप्पा ५: स्थळनाम सोडवा

गोव्याच्या संग्रहांत सर्वाधिक चुका येथे होतात, म्हणून येथे थोडे रेंगाळणे भाग आहे.

चिठ्ठीवर नुसते ‘गोवा’ लिहिलेले असेल तर तीन शक्यता तपासाव्यात. ते खरोखर गोळा केल्याचे ठिकाण असेल, जहाजावर चढवल्याचे बंदर असेल, किंवा दीव-दमणसह संपूर्ण पोर्तुगीज प्रदेशासाठी ढोबळपणे वापरलेले नाव असेल. मुक्तीनंतरही ३० मे १९८७ पर्यंत गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता, त्यामुळे १९७० च्या दशकातील सरकारी नोंदीही या बाबतीत मोघम असू शकतात. ‘नोव्हा गोवा’ हे पणजीला १८४३ साली मिळालेले नाव. पण त्या शहराच्या कक्षेत रायबंदर आणि जुने गोवेही येत असे, म्हणून नकाशावर टिंब थेट पणजीच्या चर्चसमोर टाकू नये.

एकाच नावाची गावे ही दुसरी अडचण. केरी पेडण्यात आहे, सत्तरीत आहे आणि फोंड्यातही आहे. पोर्तुगीज लिपीत तिन्ही सारखीच दिसतात. समुद्रकिनाऱ्यावरचा शंख असेल तर पेडण्याची केरी संभवते आणि सह्याद्रीच्या घाटातला बेडूक असेल तर सत्तरीची. पण हा तर्क आहे, नोंद नव्हे, आणि लिहितानाही तर्क म्हणूनच लिहावा. संग्राहकाच्या त्याच आठवड्यातील इतर चिठ्ठ्या काढून त्याचा मार्ग जुळवला तर बहुतेक वेळा कोडे सुटते.

तालुक्यांच्या हद्दीही बदलल्या आहेत. धारबांदोडा तालुका प्रामुख्याने सांगेतून वेगळा झाला, तेव्हा जुन्या चिठ्ठीवरील ‘सांगे’ आजच्या धारबांदोड्यात असू शकते. उलट कॅसल रॉक हे स्थानक मुरगाव लोहमार्गावरचे असल्याने अनेक याद्यांत गोव्यात घुसवले जाते, प्रत्यक्षात ते कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे.

तपासा: अक्षांश-रेखांश देताना अनिश्चिततेचा परीघ दिला आहे ना? चिठ्ठीवर फक्त तालुका असेल तर परीघ संपूर्ण तालुक्याचा हवा. सहा दशांश स्थळांपर्यंतचा बिनचूक दिसणारा आकडा अशा वेळी चक्क खोटा असतो.

टप्पा ६: वस्तू हाताळण्याची तयारी

आता वस्तू मागवावी, पण तिला हात लावण्यापूर्वी तिच्यावर काय फवारले किंवा चोळले गेले आहे ते विचारावे. पेंढा भरलेल्या जुन्या प्राण्यांच्या कातड्यांना आर्सेनिकयुक्त साबण लावत असत, वनस्पतिपत्रकांवर मर्क्युरिक क्लोराइड वापरत असत, आणि नंतरच्या काळात डीडीटी व नॅप्थलीनची भर पडली. यांतील पहिली दोन विषे वर्षानुवर्षे तशीच टिकतात. नायट्राइलचे हातमोजे, धूळ असेल तर योग्य मुखपट्टी, टेबलावर खाणेपिणे नाही, आणि काम संपल्यावर साबणाने हात धुणे, एवढे नियम न चुकता पाळावेत. सुती हातमोजे विष अडवत नाहीत आणि गुळगुळीत चिनी मातीच्या भांड्यावर ते घसरतात. जुने कागद हाताळताना स्वच्छ, कोरडे हातच बहुधा बरे.

पावसाळ्यात गोव्याच्या हवेतील आर्द्रता अनेक दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. वातानुकूलित भांडारातून हस्तिदंत किंवा रंगवलेले लाकूड एकदम दमट व्हरांड्यात आणले तर ते फुगते, आणि परत आत नेले की आकसून तडकते. शक्य असेल तर नाजूक वस्तूंचे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत ठेवावे. नसेल तर भांडारातच बसावे आणि तुमचा कॅमेरा तेथल्या तापमानाला येईपर्यंत थांबावे.

सावधान: शंखशिंपल्यांवरील पांढरी भुकटी दर वेळी बुरशी नसते. लाकडी कपाटातून निघणाऱ्या आम्लवायूंमुळे शिंपल्यातील कॅल्शियमवर क्षार उमटतात. याला बायन्स डिसीज म्हणतात आणि दमट हवेत तो वेगाने वाढतो. पुसू नका, ओल्या फडक्याने तर मुळीच नाही. छायाचित्र काढा आणि अभिरक्षकांना दाखवा.

टप्पा ७: वर्णन आणि छायाचित्र

आधी लिहावे, मग छायाचित्र काढावे. लिहिताना नजर वस्तूच्या प्रत्येक भागावरून फिरते. कॅमेरा हातात आला की ती समोरच्या बाजूपुरती थांबते. माप मेट्रिकमध्ये घ्यावे. जुन्या नोंदीत पाल्मु किंवा व्हारा ही पोर्तुगीज लांबीची मापे असतील तर मूळ आकडा तसाच ठेवून शेजारी रूपांतर द्यावे. पाल्मु साधारण २२ सेंटीमीटर आणि व्हारा साधारण ११० सेंटीमीटर.

पहिले छायाचित्र मोजपट्टी, रंगपट्टी आणि नोंदणी क्रमांकासह संपूर्ण वस्तूचे असावे, मग सर्व बाजू, तळ, आतील भाग, तुटफूट, जुन्या दुरुस्त्या आणि शेवटी चिठ्ठीच्या दोन्ही बाजू. फाइलच्या नावात नोंदणी क्रमांक त्याच दिवशी घालावा.

वीरगळावरील झिजलेली अक्षरे किंवा नौकायुद्धाचा प्रसंग स्पष्ट दिसावा म्हणून खडू, पीठ किंवा तेल चोळण्याची वाईट सवय अजून गेलेली नाही. खोली अंधारी करून एका बाजूने तिरपा प्रकाश टाकला तर त्याहून चांगले दिसते आणि दगडाचे काही बिघडत नाही.

टप्पा ८: वस्तू कशाची आहे?

दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि चांगला दिवा यांनी बरेच काम होते. हस्तिदंत ओळखताना मूर्तीच्या चेहऱ्याकडे नव्हे, तळाच्या आडव्या छेदाकडे पाहावे. हत्तीच्या सुळ्यात तेथे एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. आजच्या हत्तींत बाहेरच्या कडेला या रेषांचा कोन ११५ अंशांहून जास्त असतो, मॅमथ या नामशेष हत्तीसदृश प्राण्याच्या सुळ्यात ९० अंशांहून कमी. हाडात त्याऐवजी सूक्ष्म नलिकांचे गडद ठिपके किंवा बारीक रेघा दिसतात आणि सेल्युलॉइडच्या नकलेत सरळ समांतर रेषा.

ही जाळी आफ्रिकी आणि आशियाई हत्तींत फरक करून देत नाही. गोव्यात घडलेल्या ख्रिस्ती मूर्तींसाठी मोझांबिककडून आलेले हस्तिदंत मोठ्या प्रमाणावर वापरले गेले, त्यामुळे गोव्याची मूर्ती पाहून सह्याद्रीच्या हत्तींविषयी काहीही सिद्ध होत नाही. तापलेली सुई टोचून पाहण्याचा बाजारी प्रयोग संग्रहालयाच्या वस्तूवर करण्याचा विचारही करू नये.

घुमटावर घोरपडीच्या कातड्याला बारीक, गोलसर, एकमेकांवर न चढणाऱ्या खवल्यांच्या ओळी असतात, तर बकऱ्याच्या कातड्यावर केसांच्या मुळांची छिद्रे दिसतात. वाजवून घासलेल्या मधल्या भागात काही कळत नाही. कातडे जेथे मडक्याच्या कडेवर ओढून बसवलेले असते तेथे पाहावे. एक घुमट अनेकदा मढवले जाते हेही विसरू नये. मडके जुने आणि कातडे अलीकडचे असू शकते, म्हणून दोन्हींचे वय वेगळ्या रकान्यांत लिहावे.

जुन्या घरांच्या खिडक्यांतील अर्धपारदर्शक शिंपले प्लाकुना प्लासेंटा या प्रजातीचे असतात आणि ही प्रजाती आजही जुवारीकाठच्या चिखलीच्या उपसागरात आढळते. तरीही त्या विशिष्ट खिडकीतले शिंपले चिखलीचेच, असे कागदाच्या आधाराशिवाय म्हणता येत नाही. रंगवलेल्या लाकडाबाबत तर नुसत्या पृष्ठभागावरून सागवान की फणस हे ठरवूच नये. त्यासाठी तीन दिशांचे सूक्ष्म छेद लागतात.

टप्पा ९: नमुना काढणे, अगदीच भाग पडले तर

कातड्यातील किंवा हाडातील कोलॅजेन या प्रथिनावरून, तसेच डीएनएवरून प्रजाती ठरवता येते, पण त्यासाठी वस्तूचा कण द्यावा लागतो. भिंगाने उत्तर मिळत असेल तर नमुना मागूच नये. मागायचा झाल्यास किती, कोठून, कोणत्या प्रयोगशाळेत, उरलेला अंश कोणाकडे राहणार आणि निकाल संस्थेला कधी मिळणार, हे लेखी ठरवावे. विष लावलेल्या नमुन्याची प्रयोगशाळेला आधी कल्पना द्यावी.

टप्पा १०: लिहिणे आणि परत देणे

मसुद्यात तीन प्रकारची वाक्ये डोळ्यांना वेगळी दिसली पाहिजेत: नोंदीत काय आहे, वस्तूत काय दिसले, आणि त्यावरून तुम्ही काय अनुमान केले. प्रत्येक वस्तूचा उल्लेख संस्थेच्या नावासह आणि नोंदणी क्रमांकासह करावा. दुर्मीळ वनस्पती, संरक्षित प्राणी किंवा उघड्यावर पडलेली शिल्पे यांची अचूक ठिकाणे छापू नयेत; तालुका पुरेसा असतो, तपशील संस्थेच्या फाइलमध्ये ठेवावा.

तुमची ओळख जुन्या चिठ्ठीशी जुळत नसेल तर जुनी चिठ्ठी काढू नये आणि तिच्यावर लिहूही नये. स्वतंत्र चिठ्ठीवर नवी ओळख, तुमचे नाव, तारीख आणि ओळखीचा आधार लिहून ती अभिरक्षकांकडे द्यावी. ती वस्तूसोबत कशी ठेवायची ते त्यांनी ठरवावे. छायाचित्रांचा संपूर्ण संच, स्थळनामांचा तक्ता आणि छापील लेखाची प्रत संस्थेला पोचवून पोच घ्यावी, आणि त्या प्रतीच्या मुखपृष्ठावर संबंधित वस्तूंचे नोंदणी क्रमांक ठळक लिहावेत, म्हणजे ती ग्रंथालयाच्या कपाटात न जाता त्या वस्तूंच्या फाइलमध्ये लागेल.